पिवळं पोर दाराबाहेर, कावीळ मात्र आत

पावसाळा ओसरू लागला की मावळातल्या पाळणाघरांच्या दारावर एक कागद चिकटतो. वडगाव असो, तळेगाव असो, कामशेत असो की लोणावळा, मजकूर साधारण सारखाच: कावीळ झालेल्या मुलास पूर्ण बरे झाल्याचा डॉक्टरी दाखला व रक्ताचा नॉर्मल रिपोर्ट दाखवल्याशिवाय घेतले जाणार नाही. पालकांना हा कागद आवडतो. मॅडम कडक आहेत, स्वच्छतेला तडजोड नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

माझं म्हणणं असं की हा कागद निरुपयोगी आहे. नुसता निरुपयोगी असता तर भिंतीवरच्या इतर कागदांसारखा तोही राहू दिला असता. पण त्यानं कावीळ पसरायला मदत होते, आणि तो लावणाऱ्यांच्या डोक्यात या आजाराबद्दल जे समज आहेत ते एकेक करून उलगडून दाखवण्यासारखे आहेत.

पाळणाघरात एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाते ती कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए या विषाणूची असते. तो विष्ठेतून बाहेर पडतो आणि तोंडावाटे आत जातो. आत गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी चार आठवडे. आता मुद्द्याची गोष्ट. विष्ठेतून विषाणू सर्वांत जास्त पडतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत. त्या काळात पोर खेळत असतं, खात असतं, फार तर थोडं किरकिरतं. डोळे पिवळे झाले की विषाणूचा जोर उतरायला लागतो आणि आठवडाभरानं त्या मुलापासून इतरांना फारसा धोका उरत नाही. म्हणजे सकाळच्या उजेडात आईला पोराचे डोळे पिवळट दिसले आणि तिनं घाबरून फोन केला, त्या दिवसापर्यंत त्या पोरानं पाळणाघराला जे द्यायचं ते देऊन झालेलं असतं. मॅडम त्यानंतर दार लावतात.

हे झालं पिवळ्या पोराचं. पण पिवळी होतात किती? सहा वर्षांखालच्या मुलांत बाधा झालेल्या दहांपैकी साधारण सातांना काहीही होत नाही. उरलेल्या तिघांतही कुणाला दोन दिवस ताप, कुणाला उलट्या, कुणाची भूक मंदावते. डोळे पिवळे होणारं एखादंच. बाकी सगळी रोज डबा घेऊन येतात, सापशिडी खेळतात, आणि लंगोटातून, चड्डीतून, बोटांतून तोच विषाणू वाटत राहतात. पाळणाघरात एक पिवळं पोर दिसलं तर न दिसणारी आणखी चार-पाच तिथं असू शकतात, असं धरून चालावं लागतं. दारावरचा कागद फक्त दिसणाऱ्याला अडवतो.

आता रक्ताच्या रिपोर्टाची अट. बिलिरुबिन पूर्ण खाली यायला चार-सहा आठवडेही लागू शकतात. मुलांच्या संसर्गाबद्दल जे नियम जगभर पाळले जातात त्यांत घरी ठेवण्याची मुदत कावीळ दिसल्यापासून एक आठवडा आहे. लहान मुलांच्या विष्ठेत थोडाफार विषाणू त्यानंतरही काही काळ सापडतो हे खरं. त्यासाठी हात धुणं आहे, सहा आठवड्यांची हद्दपारी नव्हे. ही हद्दपारी कुणाला परवडते ते पाहा. तळेगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्या बाईचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. लोणावळ्यात हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बाईचा शनिवार-रविवार बुडाला तर सोमवारी तिच्या जागी दुसरी असते. अशा घरांना ‘कावीळ झाली तर दीड महिना बाहेर’ असं आधीच सांगून ठेवलं, तर ती घरं काय करतील? पोराला सकाळी तापाचं औषध पाजतील आणि ‘जरा पोट बिघडलंय’ म्हणून सोडून जातील. दुसऱ्या पाळणाघरात नाव घालतील. तो कागद खरेपणाला शिक्षा करतो, आणि साथीच्या काळात पाळणाघराला सर्वांत जास्त गरज असते ती खरं सांगणाऱ्या आईची.

याच्या अगदी उलट टोकाला दुसरा एक समज आहे आणि तो जास्त आदरानं सांगितला जातो, कारण सांगणारे बहुधा वडीलधारे असतात. ‘लहानपणी होऊन गेलेली बरी. आमच्या वेळी सगळ्यांनाच व्हायची, कुणाला काय झालं?’ या म्हणण्यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच ते चिवट आहे. हिपॅटायटिस ए एकदा झाला की पुन्हा होत नाही. दोन वर्षांच्या पोराला तो झाला तर बहुधा कळतही नाही. पूर्वी मावळातली बहुतेक मुलं शाळेत जायच्या आधीच अशी नकळत पार होत. मोठेपणी कावीळ होण्याचा प्रश्नच उरत नसे. आजोबा सांगतात ते त्यांच्या गावापुरतं बरोबर आहे.

फक्त ते गाव आता तसं राहिलेलं नाही. पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे लोणावळ्याहून लोकलनं गाठता येईल इतक्या अंतरावर, विद्या अरणकल्ले, मंदीप चढ्ढा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ ते १९९८ या काळातले रक्ताचे नमुने तपासून पाहिले. खेड्यांतल्या आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं लहान वयातच भरपूर सापडत होती. शहरातल्या बऱ्या परिस्थितीतल्या घरांत मात्र त्या सोळा वर्षांत प्रमाण घसरत गेलं होतं. फिल्टरचं पाणी, स्वतंत्र संडास, दोनच मुलं. विषाणूशी गाठच पडली नाही. ही मुलं आता तिशी-पस्तिशीची झाली आहेत. त्यांतली कितीतरी तळेगाव-सोमाटण्याच्या सोसायट्यांत राहतात, आणि त्यांची पोरं पाळणाघरात जातात.

‘होऊन गेलेली बरी’ हे ज्याच्या बाबतीत खरं ठरतं ते पोर, आणि त्या पोराचा बाप, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. पोराला काही होत नाही. ते घरी येतं, बाप त्याची शी धुतो, मग कांदेपोहे खातो. चार आठवड्यांनी तो आडवा होतो. मोठ्या माणसांत दहांपैकी सातांहून जास्त जणांना डोळे पिवळे करणारा आजार होतो. दोन-दोन महिने अंगात त्राण राहत नाही. बहुतेक बरे होतात. पण पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण शंभरात दोनाच्या जवळ जातं, आणि आधीच यकृत खराब असलेल्यांचं तर विचारायलाच नको. नातवंडाला सांभाळणारी आजी लहानपणी खेड्यात वाढली असेल तर ती सुरक्षित. शहरात फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या आईबापाला ती सोय नाही.

केरळचं उदाहरण मला इथं वारंवार आठवतं. साक्षरता, संडास, दवाखाने, सगळ्यांत पुढे असलेलं राज्य. २०२४ च्या उन्हाळ्यात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वेंगूर पंचायतीत नळाच्या पाण्याचं क्लोरिनेशन चुकलं आणि दोनशेहून अधिक माणसं हिपॅटायटिस ए नं आजारी पडली, मृत्यूही झाले. राहणीमान सुधारलं की लहानपणीची नकळत बाधा कमी होते, आणि जी होते ती मोठ्या वयात, दणकून होते. मावळ आज नेमका त्या वळणावर उभा आहे. एकीकडे नाणे मावळ, पवन मावळातल्या वाड्या, दुसरीकडे लिफ्टवाल्या इमारती, आणि दोन्हीकडची पोरं एकाच चटईवर झोपणारं एकच ठिकाण, ते म्हणजे पाळणाघर.

‘होणारच आहे तर होऊ द्या’ या युक्तिवादाचा एक इतिहासही आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर विलोब्रुक नावाची मतिमंद मुलांची मोठी संस्था होती. दाटीवाटी, घाण, आणि कावीळ कायमची मुक्कामाला. १९५६ पासून सॉल क्रुगमन या डॉक्टरानं तिथल्या मुलांना मुद्दाम हा विषाणू देऊन प्रयोग केले. समर्थन हेच होतं: या मुलांना तशीही ती होणारच, लहान वयात सौम्य होते, शिवाय कायमची प्रतिकारशक्ती येते. त्या प्रयोगांतून शास्त्राला बरंच कळलं, आणि १९६६ मध्ये हेन्री बीचर यांनी अनैतिक संशोधनाची जी प्रसिद्ध यादी दिली तिच्यातही ते प्रयोग गेले. संस्थेची घाण दूर करण्याऐवजी घाणीलाच औषध ठरवलं, हा त्यातला दोष. आपल्याकडचे काका कुणाला मुद्दाम विषाणू पाजत नाहीत हे मान्य. पण मोरीतला साबण संपला आहे हे माहीत असून ‘होऊ दे, लहानपणी झालेली बरी’ म्हणणं हे त्याच विचाराच्या वळचणीला बसणं आहे.

तिसरा समज सुशिक्षितांचा. ‘कावीळ म्हणजे पाणी. नगरपरिषदेला धरा, जलवाहिन्या बघा, पाळणाघरवाली बिचारी काय करणार?’ पाण्याबद्दल ओरड करायला माझी ना नाही. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी आळंदीला पोहोचेपर्यंत फेसाळते, हे वारकऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात गटार कुठलं आणि ओढा कुठला याचा भेद उरत नाही. शनिवार-रविवारी जी गर्दी भुशी डॅमकडे लोटते तिचं मलमूत्र कुठं जातं हाही रास्त प्रश्न आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण निघाले तेव्हा संशय पाण्याकडेच गेला. हे सगळं कबूल.

पण ‘कावीळ म्हणजे पाणी’ हे समीकरण आपल्या डोक्यात बसलं ते मुख्यतः दुसऱ्याच विषाणूमुळे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचं पात्र बदललं, नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या उपसा केंद्राकडे फिरलं, आणि दोन महिन्यांत २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली. पाठ्यपुस्तकांत ती कित्येक वर्षं हिपॅटायटिस ए ची साथ म्हणून शिकवली गेली. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने १९८० च्या सुमारास पुन्हा तपासले तेव्हा कळलं की तो ए नव्हताच. पुढे ज्याला हिपॅटायटिस ई नाव मिळालं तो विषाणू होता. आपल्याकडच्या पाण्यातून पसरलेल्या मोठ्या साथी बहुतांशी ई च्याच. ई मोठ्या माणसांना गाठतो, गरोदर बाईच्या जिवावर उठतो, आणि माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाही. ए चं नेमकं उलटं. तो पाण्यातूनही येतो, पण एकदा घरात किंवा पाळणाघरात शिरला की त्याला पाण्याची गरज राहत नाही. हात पुरतात.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फीनिक्स शहराभोवतीच्या मॅरिकोपा परगण्यात स्टीफन हॅडलर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पाळणाघरांचा अभ्यास केला, तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. नळाचं पाणी तिथं चोख होतं. तरीही पाळणाघरांतून कावीळ गावभर पसरत होती. कुठल्या पाळणाघरांतून? ज्यांत दोन वर्षांखालची, लंगोटातली मुलं घेतली जात. आणि आजारी पडत होते ते मुलांपेक्षा त्यांचे आईबाप आणि सांभाळणाऱ्या बाया. एवढं वाचल्यावर ‘पाळणाघरवाली काय करणार’ हा प्रश्न मला पळवाटेसारखा वाटतो. नगरपरिषदेच्या पाण्यावर तिचा ताबा नाही; मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या दहा पावलांवर आहे.

ती दहा पावलं नीट बघायला हवीत. सकाळचे अकरा वाजलेत. बावीस पोरं, दोन बाया. एक मावशी दीड वर्षाच्या पोराला मोरीवर बसवते, डाव्या हातानं पाणी घेऊन त्याची शी धुते. परदेशी पुस्तकांत हे दृश्य नसतं; तिथं पुसायचे ओले कागद असतात, हातमोजे असतात. आपल्याकडे हात असतो, आणि मला विचाराल तर पोराच्या दृष्टीनं पाणी हेच जास्त स्वच्छ. पण मग त्या हाताचं काय? नळाखाली तो धुतला जातो, घाईत, साबणाशिवाय, कारण साबणाची वडी दुसऱ्या पोरानं बादलीत टाकलेली आहे. मनगटात सहा काचेच्या बांगड्या, त्यांच्या आतली बाजू कोरडीच राहते. हात पदराला पुसला जातो, किंवा खिळ्याला लटकवलेल्या एका टॉवेलाला, ज्याला सकाळपासून सगळ्यांचे हात लागलेत. तेवढ्यात कुकर उतरतो. वरणभात गरम आहे, त्यात एकही विषाणू जिवंत नाही. ८५ अंशांना मिनिटभरात हा मरतो. पण भात गरम आहे म्हणून पोरांना भरवता येत नाही. मावशी परातीत तो पसरते, थोडं तूप घालते आणि हातानं कालवते. मऊ, गुठळ्या मोडून, मायेनं. कुकरनं जे काम केलं ते इथं संपतं.

या मावशीला दोष द्यायची माझी इच्छा नाही. ती तेच करते जे घरोघरी होतं, फक्त बावीस पोरांसाठी. दोष त्या व्यवस्थेचा, जिनं शी धुणारे आणि घास कालवणारे हात एकच ठेवलेत. साथ रोखायची तर पहिली गोष्ट हीच: ज्या दिवशी जी बाई मोरीवर, त्या दिवशी ती स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही. भात चमच्यानं किंवा डावानं कालवायचा. मोरीपाशी साबण दोरीला बांधून टांगलेला किंवा बाटलीतला द्रव. हात कोपरापर्यंत, बांगड्या वर सारून, पोरांचे हातही शी नंतर आणि जेवणाआधी. टॉवेल जाळून टाका, कापडाचे छोटे तुकडे ठेवा, एकदा वापरलेला धुण्यात. करोनानंतर प्रत्येक दारात उभी राहिलेली सॅनिटायझरची बाटली इथं साबणाची जागा घेऊ शकत नाही. या विषाणूला अल्कोहोल फारसं बाधत नाही. फिनेलच्या वासावरही विसंबू नये. ज्या चटईवर, ज्या फळीवर पोरं बदलली जातात ती ब्लीचच्या ताज्या द्रावणानं, एक भाग ब्लीचला शंभर भाग पाणी या हिशेबानं, पुसायची आणि मिनिटभर ओली राहू द्यायची. हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे टिकतो.

यावर काही पालकांचं तोंड वाकडं होतं. ‘आम्ही फॉनिक्ससाठी पाठवतो, हात धुवायला नाही.’ त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की महाराष्ट्रात बालवाडीची गोष्ट सुरू होते तीच हात-पाय धुण्यापासून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलं गोळा करत तेव्हा गाणी-गोष्टींच्या आधी अंघोळ, नखं, केस. तो त्यांना शिक्षणाचाच भाग वाटत होता.

कावीळ झाल्यावर घरोघरी जे सुरू होतं त्याबद्दल फार लिहीत बसत नाही. गळ्यात माळ घालतात. ती दिवसेंदिवस लांब होते आणि कावीळ उतरते असं सांगतात. ओल्या काड्यांचे तुकडे गाठींत अडकवलेले असतात, ते वाळून आकसतात आणि दोरा सैल होतो; अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हे वर्षानुवर्षं गावोगाव दाखवलं आहे. आजार आपला आपण ओसरतो, श्रेय माळेला. माळेनं निदान नुकसान नाही. नाकात झाडपाल्याचे थेंब सोडणं आणि पोटावर डाग देणं यानं आहे. आणि सर्वांत गमतीचा म्हणजे उसाचा रस: रुग्णाला जुन्या हायवेवरच्या रसवंतीवर नेऊन, कुठल्या पाण्याचा ते ठाऊक नसलेला बर्फ घालून पाजतात. हळद बंद, तूप बंद, तेल बंद, यांपैकी कशाचीच गरज नसते. पोराला भूक लागेल ते द्यावं. तापाची औषधं मात्र डॉक्टरांना विचारून, मोजून. पोर झोपाळू झालं, बरळू लागलं, उलट्या थांबेनात, नाकातून रक्त आलं, तर माळवाल्याकडे नव्हे, थेट मोठ्या रुग्णालयात. असं क्वचित होतं, पण झालं की तासांचा हिशेब असतो.

उरला लशीचा प्रश्न, आणि इथं मला आमच्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडायचं आहे. अंगणवाडीत मिळणाऱ्या मोफत लशींच्या यादीत हिपॅटायटिस ए ची लस नाही. म्हणून काही शहाणी माणसं म्हणतात, सरकार देत नाही त्याअर्थी गरज नाही. सरकार देत नाही यामागे एक हिशेब आहे: ज्या देशात सगळ्यांना लहानपणीच बाधा होते तिथं सार्वत्रिक लसीकरणाचा फायदा थोडा. तो हिशेब सबंध देशाचा आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं असंच आहे की बाधेचं वय पुढे सरकू लागलेल्या प्रदेशात लसीकरणाचा विचार करावा, आणि पुणे जिल्ह्याचा हा पट्टा तसा आहे हे वर आलंच. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षापुढच्या मुलांना ही लस सुचवते. दोन प्रकार आहेत: जिवंत पण निर्बल केलेल्या विषाणूची, तिचा एकच डोस, आणि मृत विषाणूची, तिचे सहा महिन्यांच्या अंतरानं दोन. २०२४ च्या जानेवारीत हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्सनं देशात विकसित केलेली दुसऱ्या प्रकारची लस बाजारात आणली. खासगी दवाखान्यात खर्च हजारांच्या घरात जातो, आणि तो मावशीच्या खिशाला झेपणारा नाही.

इस्रायलनं १९९९ मध्ये सर्व बालकांना दीड आणि दोन वर्षांच्या वयात ही लस द्यायला सुरुवात केली, तसं करणारा तो पहिला देश. थोड्याच वर्षांत तिथले रुग्ण ९० टक्क्यांहून जास्त घटले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. लस दिली फक्त तान्हेपणातून नुकत्याच बाहेर आलेल्या पोरांना, आणि कावीळ कमी झाली तरुणांत, प्रौढांत, ज्यांना टोचलंच नव्हतं त्यांच्यात. साऱ्या गावाला कावीळ कोण देत होतं, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधून सापडायचा नाही. ‘होऊन गेलेली बरी’ म्हणणाऱ्यांनी आणि पिवळ्या पोराला हाकलणाऱ्यांनी, दोघांनीही हा आकडा समोर ठेवून बोलावं.

लशीचा आणखी एक उपयोग पाळणाघरांना माहीतच नसतो. संपर्क आल्यापासून १४ दिवसांच्या आत टोचली तर ती बऱ्याचदा आजार टाळते. म्हणजे पाळणाघरात पहिलं पोर पिवळं झालं की त्याच दिवशी सर्व पालकांना, सर्व मावश्यांना स्पष्ट शब्दांत कळवायला हवं: अमुक तारखेला एका मुलाला हिपॅटायटिस ए निघाला, नाव सांगणार नाही, वर्षापुढच्या ज्या मुलांना लस मिळालेली नाही त्यांनी आणि घरातल्या मोठ्यांनी डॉक्टरांना भेटा, वर्षाखालच्या बाळांबद्दल वेगळं विचारा, पुढचे सात आठवडे लक्ष ठेवा. होतं उलटं. ‘पाळणाघराचं नाव खराब होईल’ म्हणून गोष्ट दाबली जाते, आजारी पोराच्या आईला हळूच फोन करून दीड महिन्याची सुट्टी सांगितली जाते, आणि ते १४ दिवस निघून जातात. दारावरचा कागद या दाबादाबीला शिस्तीचा मुखवटा देतो.

हे सगळं करायचं तर माणसं लागतात, असं संचालिका म्हणतील. बरोबर म्हणतील. केंद्र सरकारच्या पाळणाघर योजनेतसुद्धा २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस असा हिशेब आहे. दोघींपैकी एक मोरीवर आणि एक चुलीपाशी ठेवली तर पोरांकडे कोण बघणार? अंगणवाडीतली मदतनीस तर झाडते, पोरं घरून आणते, भांडी घासते आणि खिचडीही वाढते. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या तेव्हा आपण त्याला मानधनाचं भांडण म्हणून सोडून दिलं. मावशीला मिळणारा पैसा आणि तिच्या हाताखालची पोरसंख्या यांचा काविळीशी थेट संबंध आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

खासगी पाळणाघरांना मात्र सरकारची वाट बघायचं कारण नाही. महिन्याच्या फीत तिसऱ्या बाईचा पगार आणि तिन्ही बायांच्या लशीचा खर्च धरला, तर वीस-बावीस पोरांत वाटून घरटी किती पडेल याचा हिशेब कोणीही कागदावर मांडू शकतो. तळेगावातल्या ज्या सोसायट्यांत पोराच्या पहिल्या वाढदिवसाला फुग्यांची कमान उभी राहते, तिथं तो आकडा जड वाटू नये. वाड्यांवरून येणाऱ्या पोरांचा वाटा ग्रामपंचायतीनं, नगरपरिषदेनं किंवा ज्या कारखान्यात त्यांची आई राबते त्यानं उचलावा. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं २०१७ पासून कायद्यानं बंधनकारकच आहे. संचालिकांनी पालकांची पुढची सभा बोलावताना गॅदरिंगच्या आधी हा विषय घ्यावा, आणि सभेला येण्याआधी दारावरचा तो कागद काढून ठेवावा.